थर चढवण्याची विद्या नागपुरात यायला हवी

मनीषनगरच्या पुढे बेसा, घोगली, बेलतरोडी या पट्ट्यात शेतांचे लेआउट झाले आणि लेआउटांवर फ्लॅट स्कीम उभ्या राहिल्या, त्याला फार वर्षे झालेली नाहीत. इथल्या बहुतेक नव्या घरांत एलईडी दिवे असतात, ब्रॉडबँडची फायबर केबल आलेली असते आणि गच्ची स्वतःची असेल तर सौर पॅनेलचा विचार तरी चाललेला असतो. पंतप्रधान सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजार रुपयांचे अनुदान मिळू लागल्यापासून तर तो घरोघरी चालला आहे. यांपैकी दिवा आणि फायबर ही दोन्ही अर्धवाहकांच्या थरांची करणी आहे. एलईडीच्या चिपमध्ये गॅलियम नायट्राइडच्या दोन थरांच्या मध्ये इंडियम मिसळलेला जेमतेम दोन-तीन नॅनोमीटरचा थर असतो आणि निळा प्रकाश तिथून निघतो. फायबरच्या टोकाला घरात जी छोटी पेटी बसवतात, तिच्यातला लेसर १३१० नॅनोमीटर तरंगलांबीचा अवरक्त प्रकाश सोडतो. तोही इंडियम फॉस्फाइडवर वाढवलेल्या पातळ थरांतूनच येतो. वेगवेगळे अर्धवाहक एकमेकांवर चढवले की इलेक्ट्रॉनला हवे तिथे अडवून धरता येते, या विचारासाठी झोरेस अल्फेरोव आणि हर्बर्ट क्रोमर यांना २०००चे नोबेल मिळाले. निळ्या एलईडीसाठी आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४चे मिळाले. दिवा आता आपल्याकडे जुळवला जातो, पेटीही जुळवली जाते; आतला थर मात्र बहुतेक वेळा परदेशात वाढवलेला असतो. या विद्येचा पुढचा टप्पा थर चढवलेल्या अर्धवाहक नॅनोतारांचा आहे. त्या टप्प्यासाठी लागणारे अर्धे कौशल्य नागपुरात कित्येक वर्षांपासून आहे आणि उरलेले अर्धे इथेच उभे करण्यात राज्याने पैसा घालावा, असे माझे म्हणणे आहे.

नॅनोतार म्हणजे अर्धवाहकाचा एक सलग स्फटिक, पण काडीच्या आकाराचा. एका मिलिमीटरचे दहा हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाइतकी त्याची जाडी असते आणि लांबी त्याच्या कित्येक पट, म्हणजे काही मायक्रोमीटर. हा स्फटिक कोरून काढता येतो, तसा वाढवताही येतो. वाढवण्याची सर्वांत प्रसिद्ध रीत १९६४ साली बेल प्रयोगशाळेत वॅग्नर आणि एलिस यांनी दाखवली होती. तापलेल्या पृष्ठावर सोन्याचा अतिसूक्ष्म थेंब ठेवायचा आणि वरून सिलिकॉनची वाफ सोडायची. थेंब ती वाफ पिऊन घेतो, तृप्त झाला की खालच्या बाजूने स्फटिक सोडू लागतो आणि स्वतः त्या वाढत्या काडीच्या टोकावर स्वार होऊन वर चढत जातो. थरांची गोष्ट सुरू झाली ती २००२ साली. त्या वर्षी हार्वर्ड, बर्कले आणि स्वीडनमधील लुंड इथल्या गटांनी जवळजवळ एकाच वेळी दाखवले की वाढ चालू असतानाच वाफ बदलली तर काडीच्या लांबीवर एकाआड एक वेगळे अर्धवाहक बसवता येतात. हार्वर्डच्या चार्ल्स लीबर यांच्या गटाने त्याच वर्षी आणखी एक वाट उघडली. काडी उभी झाल्यावर परिस्थिती अशी बदलायची की नवा पदार्थ टोकाला न चिकटता अंगभर बसेल. मग आत एका अर्धवाहकाचा गाभा आणि बाहेर दुसऱ्याचे, हवे तर तिसऱ्या-चौथ्याचेही, कवच तयार होते. प्रकाशाच्या दृष्टीने ही दुसरी रचना जास्त मोलाची ठरली, आणि त्याचे कारण नीट समजून घेण्याजोगे आहे.

इतक्या बारीक काडीत पृष्ठभाग सगळ्यांच्या अगदी जवळ असतो. अर्धवाहकावर प्रकाश पडला की इलेक्ट्रॉन मोकळा होतो आणि त्याच्या जागी पोकळी उरते. ही दोघे पुन्हा भेटताना प्रकाश बाहेर टाकतील की नुसती उष्णता, यावर त्या पदार्थाचा सारा उपयोग ठरतो. पृष्ठभागावर अणूंचे बंध अर्धवट तुटलेले असतात आणि तिथे अडकलेला इलेक्ट्रॉन बहुधा प्रकाश न देताच विझतो. उघड्या गॅलियम आर्सेनाइडच्या शंभर नॅनोमीटर जाडीच्या तारेत इलेक्ट्रॉनला असे विझायला काही पिकोसेकंद पुरतात, म्हणजे सेकंदाच्या एक लक्ष-कोटीव्या भागाचे काही पट. त्याच तारेवर अॅल्युमिनियम गॅलियम आर्सेनाइडचे पातळ कवच चढवले की तुटके बंध जोडले जातात, आतल्या इलेक्ट्रॉनला बाहेर पडायला ऊर्जेचा उंबरा आडवा येतो आणि त्याचे आयुष्य शेकडो पटींनी वाढून नॅनोसेकंदाच्या घरात जाते. २०१३मध्ये म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठात आणि कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीत चेन्नुपती जगदीश यांच्या गटात गॅलियम आर्सेनाइडच्या एकेका तारेने खोलीच्या तापमानाला लेसरचा प्रकाश दिला, तो अशा कवचामुळेच. त्याआधी २००८मध्ये लीबर यांच्या गटाने गॅलियम नायट्राइडच्या गाभ्याभोवती इंडियमयुक्त थरांची अनेक वेष्टने चढवली आणि इंडियमचे प्रमाण बदलत अतिनीलातल्या ३६५ नॅनोमीटरपासून निळसर हिरव्या ४९४ नॅनोमीटरपर्यंत लेसर मिळवला. गाभा तोच होता. रंग ठरवला तो थरांनी. या क्षेत्रातल्या प्रगतीचा बराचसा इतिहास चांगली काडी वाढवण्यापेक्षा तिच्यावर चांगला थर चढवण्याचा आहे, असे मी म्हणतो ते या पुराव्यावरून.

थर आणखी एक काम करतो, आणि मला ते सर्वांत विलक्षण वाटते. प्रत्येक स्फटिकात अणूंमधले अंतर ठरलेले असते. सपाट स्फटिकावर वेगळ्या मापाचा स्फटिक चढवणे म्हणजे उभ्या भिंतीवर निराळ्या मापाच्या विटांचे सांधे जुळवत जाणे. चार-दोन रांगा ओढूनताणून बसतात, पुढे तडा जातो. बारीक तारेला मात्र बाजूने सैल होण्याची मुभा असते, म्हणून तिथे हा ताण बराच काळ तुटल्याविना टिकतो आणि तो ताणच साधन म्हणून वापरता येतो. २०१९मध्ये ड्रेस्डेन इथल्या संशोधकांनी गॅलियम आर्सेनाइडच्या बारीक गाभ्यावर मोठ्या मापाचे जाड कवच चढवून गाभा इतका ताणला की त्याचा बँडगॅप, म्हणजे इलेक्ट्रॉनला मोकळे व्हायला लागणारी किमान ऊर्जा, १.४२ इलेक्ट्रॉन व्होल्टवरून ०.८७पर्यंत खाली आला. लाल रंगाच्या जरा पलीकडे चमकणारा पदार्थ रासायनिक घटक न बदलता फायबरच्या तरंगलांब्यांपर्यंत येऊन पोचला. त्याहून पुढची गोष्ट २०२०ची. सिलिकॉन आणि जर्मेनियम प्रकाश शोषतात, पण त्यांच्या नेहमीच्या स्फटिकरचनेत प्रकाश देण्याच्या कामी ते जवळजवळ निरुपयोगी असतात. म्हणून संगणकाच्या चिपवर सगळे काही बनते, प्रकाशाचा स्रोत तेवढा बाहेरून आणावा लागतो. नेदरलँड्समधील आइंडहोव्हेनच्या गटाने षट्कोनी रचनेच्या गॅलियम आर्सेनाइड तारेचा साचा वापरून तिच्यावर जर्मेनियम-बहुल सिलिकॉनचे कवच वाढवले. कवचाने साच्याचीच षट्कोनी रचना उचलली आणि पन्नास वर्षे मंद मानला गेलेला पदार्थ अवरक्तात जोमाने प्रकाशू लागला. सपाट वेफरवर हे साधत नव्हते, तारेवर साधले.

तारेच्या आकाराचाही प्रकाशावर परिणाम होतो. तिची जाडी प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा कमी आणि अपवर्तनांक साडेतीनच्या आसपास असल्यामुळे ती स्वतःच्या सावलीपेक्षा कितीतरी मोठ्या भागातला प्रकाश आत ओढून घेते. कोणता रंग जास्त ओढायचा हे तिच्या जाडीवर ठरते. प्रकाश तारेच्या लांबीला समांतर कंप पावत असेल तर तो सहज शोषला जातो, आडवा असेल तर फार कमी. २००१मध्ये इंडियम फॉस्फाइडच्या एकेका तारेवर हा फरक इतका मोठा दिसला की तारच प्रकाशाच्या ध्रुवणाचा शोधक बनू शकते. लुंडच्या गटाने २०१३मध्ये इंडियम फॉस्फाइडच्या उभ्या तारांचे रान असलेला सौर घट १३.८ टक्के कार्यक्षमतेचा करून दाखवला, तेव्हा तारांनी पृष्ठभागाचा फक्त १२ टक्के भाग व्यापला होता. महाग पदार्थ इतका वाचतो म्हटल्यावर वर्तमानपत्रांतून सौरक्रांतीच्या बातम्या येणे साहजिक होते. त्याच वर्षी डेन्मार्क-स्वित्झर्लंडच्या गटाने सिलिकॉनवर उभ्या एकाच तारेची ४० टक्के कार्यक्षमता कळवली आणि उत्साहाला सीमा राहिली नाही. तो आकडा खरा होता, पण तारेच्या स्वतःच्या छोट्या क्षेत्रफळाने भागून काढलेला होता. प्रकाश ती आजूबाजूच्या मोठ्या भागातून गोळा करत होती. संशोधकांनी निबंधात हे लपवलेले नव्हते, बातम्यांतून ते गळाले. वाचकाच्या मनात पहिला प्रश्न इथेच उभा राहतो: बेशाच्या गच्चीवर हे कधी येणार? माझे स्पष्ट उत्तर असे की सिलिकॉनच्या पॅनेलची जागा घ्यायला नजीकच्या काळात येणार नाही, आणि जो कोणी हे आश्वासन देऊन अनुदान मागेल त्याला ते देऊ नये.

ही सावधगिरी मी विरोधकांकडून उसनी घेतलेली नाही. माझ्या युक्तिवादाला तिची गरज आहे. बाजारातली सिलिकॉनची पॅनेल वीस टक्क्यांहून अधिक कार्यक्षम, पंचवीस वर्षे टिकणारी आणि स्वस्त झाली आहेत. लुंडच्याच विद्येवर उभी राहिलेली सोल व्होल्टाइक्स ही कंपनी २०१९मध्ये दिवाळखोरीत गेली. तिथलीच ग्लो ही नॅनोतारांच्या एलईडी बनवणारी कंपनीही स्वतंत्रपणे तरली नाही. हे दाखले पुढे करून कोणी म्हणेल की श्रीमंत देशांत जे फसले ते आपण कशाला आणायचे. पण फसले काय, हे पाहावे लागते. एका गुंतवणूकदाराच्या मुदतीत सिलिकॉनशी किमतीची स्पर्धा करण्याचा बेत फसला. थर चढवण्याचे ज्ञान फसले नाही. ते सिलिकॉनच्या पॅनेलमध्येसुद्धा शिरले आहे. आज ज्या ‘टॉपकॉन’ पॅनेलची जाहिरात नागपूरच्या रस्त्यांवर दिसते, तिचा फायदा सिलिकॉनच्या मागच्या बाजूला चढवलेल्या दीड नॅनोमीटरच्या ऑक्साइडच्या आणि त्यावरच्या दुसऱ्या एका पातळ थराच्या जोरावर आहे. पृष्ठावर विझणारे इलेक्ट्रॉन वाचवणे हेच तिथलेही काम, जे गॅलियम आर्सेनाइडच्या तारेवर कवच करते. नॅनोतारांचा थेट उपयोग मात्र जिथे जागा कमी, प्रकाश नेमका आणि पदार्थ महाग अशा ठिकाणी होईल: चिपवरचे लेसर, ग्रेनोबलची अलेडिया कंपनी २०११पासून जे करू पाहते आहे ते सूक्ष्म एलईडींचे पडदे, अवरक्त शोधक, आणि एकेक फोटॉन मोजून सोडणारे स्रोत. ग्रेनोबलच्याच संशोधकांनी २०१०मध्ये अशा तारेत बसवलेल्या एका क्वांटम बिंदूतून फोटॉन बाहेर काढण्याची ७२ टक्के कार्यक्षमता गाठली होती. आपल्या राष्ट्रीय क्वांटम मिशनला २०२३मध्ये ६००३ कोटींहून अधिक रक्कम मंजूर झाली; असे स्रोत विकतच आणायचे ठरले तर त्या रकमेतला बराच भाग बाहेर जाईल.

आता नागपूरकडे येऊ. या शहराची प्रकाशाशी ओळख जुनी आहे. चंद्रशेखर वेंकट रामन सरकारी लेखा खात्यातले तरुण अधिकारी असताना १९१०मध्ये त्यांची बदली नागपूरला झाली होती, आणि इथले रमण विज्ञान केंद्र त्यांचेच नाव सांगते. त्यांनी १९२८मध्ये शोधलेला परिणाम आज गाभा-कवच तारांच्या प्रयोगशाळेत रोजचे साधन आहे: तारेवरून विखुरलेल्या प्रकाशातली रेषा किती सरकली यावरून कवचाने गाभ्यावर किती ताण टाकला ते कळते. पण आठवणींपेक्षा महत्त्वाची आहे ती चालू परंपरा. १९२३मध्ये स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या भौतिकशास्त्र विभागात फॉस्फर पदार्थांवर, म्हणजे ऊर्जा घेऊन ठरावीक रंगाचा प्रकाश देणाऱ्या स्फटिकांवर, कित्येक दशके काम झाले आहे. प्रा. मोहरील आणि प्रा. सहारे यांनी १९९०मध्ये किरणोत्साराची मात्रा मोजण्यासाठी युरोपियम मिसळलेला अतिशय संवेदनशील सल्फेट फॉस्फर जगापुढे ठेवला. प्रा. संजय ढोबळे यांच्या गटाचे एलईडीच्या फॉस्फरवरचे काम देशाबाहेरही उद्धृत होते. पांढऱ्या एलईडीत नेमके काय असते ते आठवून पाहा. थरांच्या चिपमधून निळा प्रकाश निघतो, त्यावरचा फॉस्फर त्यातला काही पिवळ्यात बदलतो आणि डोळ्याला पांढरे दिसते. या जोडीतला वरचा भागीदार नागपूर ओळखते, त्याचे वर्णपट मोजते, त्याची क्षीणता आणि आयुष्य तपासते. खालचा भागीदार, तो निळा थर, इथे कोणी वाढवत नाही. प्रकाश मोजण्याची सवय ही मोठी मालमत्ता असते. नॅनोतारांत तर अपयशाचे कारण डोळ्यांनी दिसत नाही, फक्त त्यांच्या प्रकाशाच्या रंगात, तीव्रतेत आणि विझण्याच्या वेगात दिसते. मोजणारा जवळ नसेल तर वाढवणारा अंधारात चाचपडतो.

यावर सर्वांत वजनदार आक्षेप असा की हे सगळे मुंबई-पुण्यात आधीच आहे. आहेच. कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत इंडियम आर्सेनाइडच्या तारा वाढवून त्यांच्यावर मोजमापे झाली, तिथल्या प्रा. मंदार देशमुख यांना २०१५मध्ये भटनागर पुरस्कार मिळाला. पवईच्या आयआयटीत अर्धवाहकांचे थर आणि क्वांटम बिंदू वाढवण्याची यंत्रणा आहे. पुणे विद्यापीठात प्रा. सुलभा कुलकर्णी यांच्या गटाने गाभा-कवच कणांवर केलेले काम २००६मध्येच ‘करंट सायन्स’मध्ये विस्ताराने मांडले गेले. शिवाय बाहेरच्या संशोधकांना पवईची नॅनो प्रयोगशाळा वापरू देणारी केंद्राची योजनाही चालू आहे. मग नागपूरचा विद्यार्थी रेल्वेत बसून पवईला का जात नाही? जातो, आणि काही दिवसांत एखादे उपकरण बनवूनही आणतो. पण उपकरण बनवणे आणि स्फटिक वाढवणे यांत मोठा फरक आहे. वाढीचे तंत्र तापमानाच्या दोन-चार अंशांवर, वाफेच्या प्रमाणावर, पृष्ठाच्या स्वच्छतेवर उभे असते आणि ते हातात यायला शेकडो फेऱ्या लागतात. आज वाढवले, उद्या मोजले, परवा बदलून पुन्हा वाढवले, असे महिनोन्‌महिने चालते. पाहुण्याला मिळणाऱ्या वेळेत हे बसत नाही. म्हणून थर वाढवणाऱ्या माणसांची संख्या देशात दोन-चार संस्थांच्या भिंतींत अडकून राहिली आहे. मुंबईत एक यंत्र आहे म्हणून नागपुरात नको, हे म्हणणे ज्ञानाच्या वाढीला नव्हे, फक्त हिशेबाच्या वहीला पटण्यासारखे आहे.

दुसरे म्हणजे, अर्धवाहकांवरची आपल्याकडची चर्चा अजून कारखाना कोणत्या राज्यात गेला एवढ्यावरच अडकली आहे. सप्टेंबर २०२२मध्ये वेदांत-फॉक्सकॉनचा प्रकल्प तळेगावऐवजी गुजरातला गेला तेव्हा महाराष्ट्रात केवढा गदारोळ उठला. पुढच्या जुलैत ती भागीदारीच मोडली, तेव्हा त्या गदारोळाचे काय करायचे हे कोणालाच कळले नाही. केंद्राने डिसेंबर २०२१मध्ये ७६ हजार कोटींची योजना मंजूर केली, तिच्यातून साणंद, धोलेरा, आसाम इथे कारखाने उभे राहत आहेत, आणि ऑगस्ट २०२५मध्ये ओडिशातल्या सिलिकॉन कार्बाइडच्या कारखान्यालाही मान्यता मिळाली. हे सगळे आवश्यक आहे आणि त्याला माझा विरोध नाही. पण कारखाना परवान्याने आणता येतो. स्फटिक का बिघडला हे सांगणारा माणूस परवान्याने येत नाही. देश आपल्या एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के एवढाच खर्च संशोधनावर करतो. त्या तोकड्या पैशातही राज्य विद्यापीठांच्या वाट्याला उरलेसुरले येते. विदर्भाला पुढच्या कारखान्याच्या रांगेत उभे करण्याआधी अशी वीस-पंचवीस माणसे इथे तयार करणे जास्त शहाणपणाचे आहे, कारण कारखाना दुसरीकडे गेला तरी ती माणसे कामाची राहतात, आणि कारखाना आलाच तर त्यांच्याशिवाय चालत नाही.

नागपूरच्या बाजूने एक कारण कच्च्या मालाचेही आहे. थरांच्या पुष्कळ अर्धवाहकांत गॅलियम लागते, आणि जगातले कच्चे गॅलियम जवळपास सगळे चीनमध्ये बनते. ऑगस्ट २०२३पासून चीनने गॅलियम आणि जर्मेनियमच्या निर्यातीवर परवान्याची अट घातली तेव्हा या अवलंबित्वाची झळ सगळ्यांना कळली. त्याच्या महिनाभर आधी भारताने प्रसिद्ध केलेल्या ३० महत्त्वाच्या खनिजांच्या यादीत गॅलियम, जर्मेनियम आणि इंडियम तिन्ही होती. गॅलियमची वेगळी खाण नसते. बॉक्साइटपासून अॅल्युमिना काढताना जो अल्कली द्राव फिरत राहतो, त्यात ते थोडे थोडे साठत जाते आणि तिथूनच काढावे लागते. अॅल्युमिनियमवर संशोधन करणारी देशातली प्रमुख संस्था, १९८९मध्ये स्थापन झालेले जवाहरलाल नेहरू अॅल्युमिनियम संशोधन केंद्र, नागपुरात आहे. भारतीय खाण ब्युरोचे मुख्यालय नागपुरात आहे. कोल्हापूरच्या डोंगरांतले बॉक्साइट सीमेपलीकडच्या बेळगावच्या अॅल्युमिना कारखान्याला पिढ्यान्‌पिढ्या गेले आहे. अर्थात, नॅनोतारांना लागणारे गॅलियम वजनाने नगण्य असते आणि त्यासाठी कोणी खाण उघडणार नाही; मुद्दा शुद्धतेचा आहे. अर्धवाहकाला लागणारी अतिशुद्ध धातू तयार झाली की नाही हे शेवटी तिच्यापासून वाढवलेल्या स्फटिकाचा प्रकाशच सांगतो. धातू काढणारा आणि स्फटिक वाढवणारा एकाच शहरात असणे ही सोय देशात फार ठिकाणी मिळणार नाही.

धोक्याचा आक्षेप टाळून चालणार नाही, कारण तो सर्वसामान्य माणसाचा आहे आणि रास्त आहे. असे थर वाढवण्याच्या एका प्रचलित पद्धतीत आर्सीन आणि फॉस्फीन हे अत्यंत विषारी वायू वापरतात. वस्ती वाढत चाललेल्या शहरात ती यंत्रणा कोणालाही नको वाटेल. म्हणूनच सुरुवात तिथून करू नये. झिंक ऑक्साइडच्या तारा पाण्यात, ९० अंशांच्या आसपास, झिंकच्या साध्या क्षारापासून वाढतात आणि त्यांच्यावर झिंक सल्फाइडसारखे कवच द्रावणातूनच चढते. पातळ थर द्रावणातून चढवण्याची कला कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाने वर्षानुवर्षे जोपासली आहे, तिथली माणसे शिकवायला येऊ शकतात. याला लागणारा खर्च राज्य विद्यापीठालाही पेलेल एवढा आहे. इथे हात बसला की दुसरा टप्पा निर्वात कक्षात घन धातूंच्या वाफेपासून थर वाढवण्याचा. त्यात आर्सेनिक वापरले तरी ते घन स्वरूपात असते, कक्ष बंद असतो आणि यंत्र साफ करताना मात्र कडक शिस्त लागते. हे यंत्र महाग आहे, काही कोटींचे, आणि ते विद्यापीठ, इथली अभियांत्रिकी संस्था व्हीएनआयटी आणि अॅल्युमिनियम केंद्र यांनी मिळून चालवावे. एका विभागाच्या मालकीचे झाले तर ते त्या विभागप्रमुखाच्या निवृत्तीबरोबर धूळ खाऊ लागते, हे आपण पुष्कळ ठिकाणी पाहिले आहे. यंत्राबरोबर ते सांभाळणाऱ्या तंत्रज्ञाचे कायम पदही मंजूर व्हावे. माझ्या मते या प्रस्तावात यशापयश ठरवणारी ओळ यंत्राच्या किमतीची नाही, त्या पदाची आहे.

शेवटचा आक्षेप प्राधान्याचा: ज्या विदर्भात शेतकऱ्याला पाणी आणि भाव मिळत नाही तिथे नॅनोमीटरच्या थरांवर पैसा का? पाणी आणि भाव यांचा पैसा कापून हे करावे असे कोणी म्हणत नाही. सिंचनाच्या हिशेबात हा खर्च दिसणारही नाही. तरीही विदर्भाला त्याचा उपयोग काय हे दाखवणे मागणाऱ्याचे कर्तव्य आहे, आणि तो दाखवता येतो. वेस्टर्न कोलफिल्ड्सचे (वेकोलि) मुख्यालय नागपुरात आहे आणि तिच्या भूमिगत खाणी सावनेरपासून चंद्रपूरपर्यंत पसरल्या आहेत. खाणीत मिथेन हवेच्या पाच ते पंधरा टक्के झाला की स्फोट होऊ शकतो, आणि इथला कोळसा आपोआप तापून आग धरण्याची भीती असते, ज्याची पहिली खूण कार्बन मोनॉक्साइड असते. मिथेन ३.३ मायक्रोमीटरचा अवरक्त प्रकाश शोषतो, कार्बन मोनॉक्साइड ४.६च्या आसपासचा. नेहमीचे मिथेनमापक वायू जाळून मोजतात. त्यांना प्राणवायू लागतो आणि सिलिकॉनयुक्त वाफांनी ते निकामी होतात. अवरक्त शोधक यातून वाचतात, पण या तरंगलांब्यांना चांगले काम करणारे शोधक बहुधा थंड करावे लागतात आणि महाग पडतात. इंडियम आर्सेनाइड-अँटिमनाइडच्या, कवच चढवलेल्या तारांमध्ये पदार्थ इतका थोडा असतो की अंधारात आपोआप वाहणारा प्रवाहही कमी राहतो, आणि खोलीच्या तापमानाला चालणाऱ्या शोधकाची आशा त्यामुळेच आहे. ती आशा अजून खाणीच्या धुळीत, ओलाव्यात आणि उष्णतेत तपासली गेलेली नाही. नागपूरच्या प्रस्तावात हेच पहिले काम म्हणून लिहावे, वेकोलिला त्यात सुरुवातीपासून भागीदार करावे आणि चाचणीची जागा म्हणून एखाद्या चालू खाणीतला परतीच्या हवेचा मार्ग ठरवून घ्यावा.